रानपिंगळ्याचा पाठ : शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रांतील शोधन आणि अपपाठ

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ आणि शेजारच्या जव्हार तालुक्यातील राने गेल्या काही वर्षांत शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रकारांच्या वाटेवर आली आहेत. शिक्रा, तिसा, मधुबाज, सर्पगरुड हे पक्षी या भागात दिसतात. तथापि दुरून येणाऱ्यांची ओढ मुख्यत्वे रानपिंगळ्याकडे असते. वीतभर उंचीचे हे घुबड दिवसा शिकार करते, आणि सागाची पानगळ झाली म्हणजे उघड्या शेंड्यावर येऊन उन्हात बसते. छायाचित्रकाराला याहून अधिक काय हवे? असे असूनही या पक्ष्याची जी चित्रे प्रदर्शनांतून व दिनदर्शिकांतून आपल्यासमोर येतात, त्यांपैकी पुष्कळांविषयी समाधान वाटत नाही. ती सुंदर नाहीत असे नव्हे. ती वाजवीपेक्षा अधिक शुद्ध आहेत, ही तक्रार आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न येईल. उत्तर असे की येथे जो प्रश्न उपस्थित होतो तो आपल्या परिचयाचा, किंबहुना आपल्याच शास्त्रातील आहे. छायाचित्राचे संस्करण हे संहितेचे संपादन होय, आणि संपादनाचे नियम त्याला लावून पाहिल्यावाचून त्याची समीक्षा करता येणार नाही.

प्रथम मूळ संहितेकडे पाहू. रानपिंगळा आणि नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा यांतील भेद हा पोथीतील ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या भेदाइतका सूक्ष्म आहे. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात, असले तर अगदी फिकट. त्याच्या छातीचा वरचा भाग सलग गडद तपकिरी, पोटाचा मध्य पांढरा, पंख व शेपटी यांवरील पट्टे रुंद, पाय जाड आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी मढलेले. एवढ्या चार-पाच अक्षरांवर सारी ओळख अवलंबून आहे, आणि नेमकी हीच अक्षरे संस्करणात पुसली जाण्याचा धोका असतो.

ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पक्षी शेंड्यावर बसलेला, पाठीमागे लख्ख आकाश. कॅमेरा आकाशाच्या मानाने प्रकाश मोजतो आणि पक्षी काळवंडतो. मग संगणकावर छायेचा भाग उजळावा लागतो. छाया उजळली की तीत दडलेला दाणेदारपणा वर येतो. तो घालविण्यासाठी चित्र मऊ करावे लागते. मऊ केल्याने गेलेली पिसांची रेघ परत आणण्यासाठी कडा धारदार कराव्या लागतात. यांतील प्रत्येक क्रिया स्वतंत्रपणे निर्दोष आहे, आणि पोथीवरील धूळ झटकण्याला कोणी पाठभेद म्हणत नाही. परंतु या चारही क्रियांचा भार एकाच ठिकाणी, माथ्यावरील त्या अर्ध्या इंचावर पडतो. मऊ करण्यात फिकट ठिपका जातो. धार देण्यात नसलेला ठिपका उमटतो. छाती अधिक उजळली तर सलग तपकिरी रंग फुटून त्याची नक्षी होते, आणि रानपिंगळा त्याच्या सामान्य भावंडासारखा दिसू लागतो. संध्याकाळचे ऊन अधिक सोनेरी करण्याच्या हौसेत रंगाचा पुरावाही संपतो.

अलीकडे यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. नवी सॉफ्टवेअरे दाणेदारपणा नुसता पुसत नाहीत. पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे तेथे काय असावे याचे अनुमान करून ते भरतात. पाठचिकित्सेत याला आपण तर्कमूलक संशोधन म्हणतो, आणि त्याचा धोका आपणांस चांगला ठाऊक आहे. लेखनिक अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द लिहितो. म्हणूनच दोन पाठांत जो अधिक अवघड तो मूळचा असण्याचा संभव अधिक, असा दंडक आहे. ठिपकेवाला पिंगळा गावोगाव आहे, त्याची चित्रे अगणित, रानपिंगळ्याची मोजकी. असा लेखनिक अंधाऱ्या माथ्यावर कोणता पाठ भरण्याकडे कलेल, हे सांगावयास नको.

येथे एकनाथांचे उदाहरण मननीय आहे. शके 1506 मध्ये (इ. स. 1584) त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शोधली, आणि शोधून गप्प बसले नाहीत. मूळ ग्रंथ शुद्ध असून पाठांतराने तो बिघडला होता, म्हणून आपण तो शोधला, हे त्यांनी शकासह नमूद करून ठेवले. त्यांच्या शोधनाविषयी पुढे राजवाड्यांना व इतरांना शंका घेता आली ती या प्रांजळ नोंदीमुळे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तर संशयास्पद पाठाखाली नागमोडी रेषा आहे. वाचकाला संपादकाचा आत्मविश्वास जेथे डळमळतो तेथे नेमके बोट ठेवता येते. शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रांत ही नागमोडी रेषा कोठे आहे?

हा आक्षेप पंडिती वाटेल. म्हणून रानपिंगळ्याचाच इतिहास पाहावा. या पक्ष्याचा पहिला नमुना 1872 मध्ये मिळाला आणि 1873 मध्ये ह्यूमने त्याचे वर्णन केले. 1884 नंतर मात्र खराखुरा नमुना मिळाला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज सेनाधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीस आपण एक मिळविल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो खोटा असल्याचे दाखविले. तो पक्षी वस्तुतः 1880 च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसनने जमविलेल्यांपैकी होता. लंडनच्या संग्रहालयातून तो चोरून, आतला कापूस बदलून, नव्याने भरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. क्ष-किरणांखाली डेव्हिडसनच्या हाताची लकब उघडी पडली. तो खोटा ठावठिकाणा बाजूस सारून, खऱ्या नमुन्यांच्या स्थळांचा माग घेत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे शहाद्याजवळ पोहोचले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी 113 वर्षांनंतर रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. त्यांनी त्याची छायाचित्रे व चित्रफीत घेतली; त्या चित्रांचे काम पुरावा देणे हे होते, शोभा देणे नव्हे.

माइनर्ट्‌झहागेनचा गुन्हा आणि उत्साही छायाचित्रकाराची हौस यांना एका तागडीत घालण्याचा येथे हेतू नाही. पण कृतीचे स्वरूप तपासले तर दोहोंत मूळ हाताची खूण पुसली जाते. त्याच लंडनच्या संग्रहालयाने 2018 मध्ये आपल्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेतील एक पारितोषिक परत घेतले; चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने तो मान्य केला नाही. अंतिम फेरीत कॅमेऱ्यातील असंस्कारित रॉ फाइल मागण्याची तेथील पद्धत मात्र अनुकरणीय आहे. रॉ फाइल म्हणजे आपली हस्तलिखित पोथीच.

संस्करणाचा विचार संगणकापाशी सुरू होत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. पाखरू दाणा टिपते, शिकारी सावज टिपतो, अभ्यासक माहिती टिपतो, आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. यांतील शिकाऱ्याचा अर्थ बळावला म्हणजे ध्वनिमुद्रित साद वाजविण्याचा मोह होतो. सादेला उत्तर देण्यासाठी रानपिंगळा पुढे येतो, ताठ होतो, शेपटी हलवितो, आणि चित्राखाली ‘सावध मुद्रा’ असे लिहिले जाते. ती मुद्रा एका खोट्या उक्तीला दिलेले उत्तर असते. उक्तीचा संदर्भ गाळून तिचा अर्थ सांगणे हा भाषाशास्त्रात दोष आहे, तो येथे गुण कसा ठरेल? पहाटे दारोदार जाऊन पिंगळ्याच्या बोलावरून भविष्य सांगणारा भिक्षेकरी स्वतःच ‘पिंगळा’ म्हणून ओळखला गेला. तो पक्ष्याच्या बोलाचा अर्थ लावीत असे. आज आपण पक्ष्याचा बोलच वाजवितो. विणीच्या काळात या खोट्या प्रतिस्पर्ध्यापायी जोडीचा वेळ व शक्ती खर्ची पडते, हा तर निराळा आणि अधिक गंभीर मुद्दा आहे.

चित्र कापण्याच्या रूढीविषयी माझे मत सर्वांत प्रतिकूल आहे. मागचे रान धूसर हिरवे करावयाचे, आडवी काटकी काढून टाकावयाची, पक्षी मधोमध आणावयाचा, ही आता शैली होऊन बसली आहे. तीमुळे सूर्यमाळचा रानपिंगळा, मेळघाटचा रानपिंगळा आणि तोरणमाळचा रानपिंगळा यांत भेद उरत नाही. तानसा अभयारण्यात 2014 मध्ये या पक्ष्याची नोंद झाली तेव्हा तिचे महत्त्व कशात होते? पक्षी सुंदर होता यात नव्हे, तर तो तेथे होता यात. 2018 मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्तांतून संकटग्रस्तांत आली, त्यामागेही अशा नव्या स्थळांच्या नोंदी आहेत. स्थळ गाळलेले चित्र या कामी निरुपयोगी होय. घरट्याचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करू नये हे मला मान्य आहे, आणि या दोहोंत विरोध आहे हेही मी जाणतो. पण गुप्त ठेवणे निराळे आणि नष्ट करणे निराळे. कापलेले चित्र छापावे, न कापलेले जपावे, आणि काय कापले ते दोन ओळींत लिहावे.

या भागातील बोलींच्या कामासाठी गेलो असता एका पाड्यावर असा प्रसंग घडला. पाहुण्या छायाचित्रकाराने संस्कारित चित्र लॅपटॉपवर उघडून सोबतच्या वाटाड्याला दाखविले. चित्र खरोखरच देखणे होते. वाटाड्याने बराच वेळ पाहिले आणि हे झाड कोणते, एवढेच विचारले. सकाळी तोच त्यांना तेथे घेऊन गेला होता. छायाचित्रकाराने थोड्या नाखुशीने मूळ चित्र उघडले. त्यात पक्षी अंगठ्याएवढा, काळपट. डावीकडे अर्धवट छाटलेला साग, खाली एक ताजे खोड, आणि कडेला विजेची तार. वाटाड्याने खोडावर बोट ठेवले आणि मागच्या पावसाळ्यापर्यंत ते झाड उभे होते, असे सांगितले.