लोखंडाला कल्हई

पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात. लोखंडी तव्याला कोणी करत नाही. तवा जितका जुना आणि जितका काळा, तितकं त्याच्यावरून घावन अलगद सुटतं. काळेपणा हा त्याचा दोष नसून ती त्याची कमाई असते. स्वयंपाकघरातलं एवढं साधं ज्ञान १९९५ साली इंग्लंडमधल्या काही अनुभवी मंडळींपाशी असतं, तर 'फॉर्बिडन' नावाचा अल्बम निघाला तसा निघाला नसता. ही मंडळी म्हणजे 'ब्लॅक सबाथ'.

ज्याला 'हेवी मेटल' म्हणतात आणि जे ऐकून सभ्य माणसं कानात बोटं घालतात, त्या संगीताच्या मूळपुरुषांत या बँडची गणना होते. १९६८ साली बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात चार पोरांनी तो काढला. त्यांच्या बाबतीत 'मेटल' हा शब्द अगदी खराखुरा आहे. गिटार वाजवणारा टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! एखाद्याने गिटार माळ्यावर टाकली असती. पण कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हा जँगो आगीत भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांवर अख्खी गिटार फिरवायचा. झालं! आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त काही गाण्यांसाठी त्या दीड सूर उतरवल्या. ढिल्या तारांमुळे बोटांना आराम पडला आणि गिटार खर्जात गेली. आज जगभरची धडधाकट बोटांची पोरं तो खर्ज मुद्दाम लावतात. याला मी शैली म्हणतो. ती बाजारात मिळत नाही.

आता १९९५ कडे येऊ. ऑझी ऑस्बोर्न या मूळ गायकाला १९७९ मध्येच नारळ मिळाला होता. नंतर गायक आले, गेले. मूळ चौघांपैकी आता एकटा आयोमी उरला होता. सोबत गायक टोनी मार्टिन, बेसवर नील मरे, कीबोर्डवर जेफ निकोल्स आणि ड्रमवर कोझी पॉवेल. यातला एकही गडी कच्चा नव्हता. पण तरुण मंडळी तोवर निराळंच ऐकू लागली होती, आणि आपणही त्यांच्यातलेच दिसावं अशी बुद्धी झाली. साठीतल्या काकांना पुतण्याची जीन्स घालावीशी वाटते, तशी. मग रॅप गाणाऱ्या आइस-टीच्या 'बॉडी काउंट' या बँडमधला गिटारवाला एर्नी सी याच्यावर निर्मितीची जबाबदारी सोपवली. एर्नी सीला मी दोष देत नाही. भरीत उत्तम असतं आणि श्रीखंडही उत्तम असतं; ती एका वाटीत वाढणाऱ्याला जाब विचारावा.

पहिलंच गाणं 'दि इल्यूजन ऑफ पॉवर' ऐका. सुरुवातीला गिटार जड पावलांनी येते, आपण सावरून बसतो. मग मार्टिन गाण्याऐवजी जवळजवळ बोलायलाच लागतो. याचा गळा वर चढावा, तिथे थांबावा असा; त्याला बोलायला लावणं म्हणजे सनईवाल्याला टाळ देऊन बसवणं. मध्येच खुद्द आइस-टी येऊन चार शब्द बोलून जातो. लग्नात एखादा बडा पाहुणा पाकीट देऊन न जेवता निघून जातो, तसा. कोझी पॉवेलला तर पायाने हिप-हॉपच्या धाटणीचे ठोके वाजवायची सूचना झाली, असं आयोमीने नंतर सांगितलं आहे. ज्याच्या दणक्यासाठी मोठमोठे बँड रांग लावत, त्याला!

मूळ अल्बम मी घरी लावला, तेव्हा सौ.ने एवढंच विचारलं, "ड्रम वाजवणाऱ्याला बरं नाही का?" आवाज कमी करा, असं ती म्हणाली नाही. हेवी मेटलचा याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

समीक्षकांनी अल्बमला झोडपलं, चाहत्यांनी तोंड फिरवलं. 'फॉर्बिडन' म्हणजे 'निषिद्ध', तेव्हा ऐकू नका हे नावातच सांगितलं होतं, असा विनोद करायची सोय होती ती वेगळीच. मात्र खुद्द आयोमीला ही गोष्ट टोचत राहिली. २०२४ साली मार्टिनच्या काळातल्या चार अल्बमांचा 'अॅनो डॉमिनी १९८९–१९९५' हा संच निघाला. त्यासाठी शहात्तर वर्षांच्या या माणसाने एकोणतीस वर्षांपूर्वीच्या ध्वनिफिती पुन्हा काढल्या आणि त्यांचं मिश्रण नव्याने केलं. तीच गाणी, तेच वादक. फक्त कल्हई खरवडली. आता गिटार भिंतीसारखी उभी राहते आणि ड्रम छातीवर येतात. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवाज जरा कमी करा हो!" मी धन्य झालो. पण ते ड्रम ऐकायला कोझी पॉवेल नाही. १९९८ साली मोटार अपघातात तो गेला. जगाला त्याचं ते काम तब्बल एकोणतीस वर्षं आजारी माणसाचं वाटत होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

खरवडल्याने अल्बम थोर झाला, असं मात्र मी म्हणणार नाही. 'गेट अ ग्रिप' आणि 'सिक अँड टायर्ड' तेव्हाही बेताची होती, आजही आहेत. पण आता वाजवणारा कोण, ते कळतं. चुकलेलं का होईना, ते त्याचं स्वतःचं वाटतं.

पुढे २०१३ मध्ये आयोमी, ऑझी आणि गीझर बटलर यांनी '१३' हा अल्बम काढला. संथ, काळा, आपल्या वयाचा. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. उठून नाच, असं त्याला कोणी म्हटलं नाही. सतरा दिवसांनी तो गेला.

तेव्हा 'फॉर्बिडन' ऐकायचाच, तर २०२४ चा ऐका, आणि 'किस ऑफ डेथ' या शेवटच्या गाण्यापासून सुरुवात करा. त्यात मार्टिन गातो, कोझी दणकावतो आणि आयोमीची कापलेली बोटं आपलं काम चोख करतात. तेवढं झालं की घरच्यांनी सांगण्याआधी आवाज कमी करायला हरकत नाही.