‘तारा’ कादंबरी : रस आणि प्रमाण

कर्नल मेडोज टेलर यांची ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी इ. स. १८६३ मध्यें प्रसिद्ध झाली. काळ अफझलखानाच्या स्वारीचा. स्थळें तुळजापूर, नळदुर्ग, विजापूर व प्रतापगड. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची विधवा कन्या तारा. आम्हां लोहारेकरांना या ग्रंथांत आपलाच मुलूख परभाषेंत भेटतो. प्रस्तुत लेखकानें तो दोन वेळां वाचला आणि दोन्ही वेळां मध्यरात्रीपर्यंत खालीं ठेवला नाहीं.

हा आनंद लढायांच्या वर्णनांतून आलेला नाहीं. पित्याजवळ विद्या शिकलेली एक मुलगी युद्धाच्या वावटळींत घरादारापासून तुटते, आणि तिला आसरा मिळतो तो अफझलखानाच्याच कुटुंबांत. खानाची कन्या झैना हिच्याशीं तिचें सख्य जडतें. तें सख्यच तिला तगवितें. पुढें सतीच्या चितेपासून तिला सोडविणाराहि खानाचा पुत्र फाझलच. फाझलखान इतिहासांत आहे. तारा व झैना कल्पित आहेत. तथापि दोन्ही पक्षांच्या घरांत सारख्याच ममतेनें शिरणारा लेखक विरळा, व हा या ग्रंथाचा मोठा गुण होय.

स्थळवर्णनें अस्सल आहेत याचें कारण उघड आहे. १८५३ च्या तहानें नळदुर्ग प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेला व टेलर तेथील अधिकारी झाले. १८५७ पर्यंत ते नळदुर्गास होते. याच प्रांतांत त्यांनीं जमिनीची मोजणी चालविली. पायाखालीं घातलेला मुलूख लेखणींत उतरला आहे.

येथवर गुण झाले, आतां दोष. टेलर यांच्या तीन कादंबऱ्यांची एक माला आहे : ‘तारा’ १६५७ ची, ‘राल्फ डार्नेल’ १७५७ ची, ‘सीता’ १८५७ ची. शतकांच्या या मेळांत अफझलखानाचा वध १६५७ त जाऊन बसतो. वस्तुतः तो १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झाला. दोन वर्षांनीं काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. बिघडलें तें कार्यकारण. १६५७ त औरंगजेबानें बीदर व कल्याणी घेतलीं. विजापूरकर त्या युद्धांत गुंतले होते. पुढें तख्तासाठीं औरंगजेब उत्तरेस गेला, विजापूरचे हात मोकळे झाले, आणि मगच खानाची स्वारी निघाली. कल्याणीचा किल्ला लोहाऱ्याच्या पूर्वेस, आमच्या शेजारचाच. त्याचा वेढा विसरून हा काळ समजत नाहीं.

आनंदवर्धनाचार्यांनीं ध्वन्यालोकांत कवीस मोकळीक दिली आहे कीं, इतिहासप्राप्त प्रसंग रसास प्रतिकूल असेल तर तो टाकून दुसरा कल्पावा. तारा व झैना हीं त्या मोकळिकीचीं उत्तम फळें. परंतु सनाचा बदल रसासाठीं झालेला दिसत नाहीं. तो केवळ आंकड्यांच्या हौसेचा आहे. १६५९ ठेवतां तारेच्या दुःखांत वा झैनेच्या ममतेंत तिळभर उणें आलें नसतें.

ही तक्रार संशोधकांपुढें मांडण्याचें कारण निराळें आहे. रसाळ ग्रंथ हळूच प्रमाणाच्या आसनावर जाऊन बसतो. पहिल्या वाचनानंतर प्रस्तुत लेखकच एका जुन्या बाडांत व्यासशास्त्र्यांचें नांव धुंडाळूं लागला होता. चार पानें उलटल्यावर स्वतःचेंच हंसूं आलें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, ‘तारा’ अवश्य जपावी व वाचावी, पण तिची जागा चुकवूं नये. खानाच्या स्वारीसाठीं शिवभारत व सभासदाची बखर आहेत. त्यांच्या ओळींत ती बसवूं नये. १८५३ ते १८५७ च्या नळदुर्ग प्रांताचीं कागदपत्रें ज्या फडताळांत असतील तेथें ती ठेवावी. त्या चार वर्षांचा हा मुलूख एका परदेशी माणसानें कसा पाहिला व किती जीव लावून पाहिला, याची ती साक्ष देते. आणि ती साक्ष खोटी नाहीं.