नाव नसलेले डोळे

कोणत्याही कलाकृतीचा विचार करताना ‘ती कशी आहे?’ या प्रश्नाबरोबरच ‘ती कशी घडली?’ हाही प्रश्न विचारावा लागतो. छायाचित्राच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही. चित्रकार कल्पनेतून माणूस उभा करू शकतो. छायाचित्रकाराला मात्र जिवंत माणसासमोरच उभे राहावे लागते.

‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरील अफगाण मुलीचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी ते १९८४ साली पाकिस्तानात, पेशावरजवळच्या नासिर बाग येथील निर्वासितांच्या छावणीत घेतले. कलेच्या दृष्टीने त्यात उणे काढण्यास जागा नाही. विटकरी रंगाची फाटकी शाल, मागे हिरवी पार्श्वभूमी आणि थेट आपल्यावर रोखलेले दोन हिरवे डोळे. सेमिनरीच्या वाचनालयात मी ते प्रथम पाहिले, तेव्हा त्या डोळ्यांत मला युद्धाची भीती दिसली. अनेकांनी तेच वाचले.

त्या मुलीचे नाव मात्र कोणी टिपून घेतले नव्हते. २००२ साली तिचा शोध लागला, तेव्हा कुठे ते जगाला कळले : शरबत गुला. तोवर तिने स्वतःचे ते छायाचित्र पाहिलेही नव्हते. त्या क्षणाविषयी विचारले असता तिला आठवला तो राग. समोरचा पुरुष परका होता आणि त्यापूर्वी कोणीही तिचे छायाचित्र घेतले नव्हते. पश्तून समाजात वयात येणारी मुलगी परक्या पुरुषापुढे चेहरा झाकते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रागाचा अर्थ उलगडतो. ज्या नजरेची आपण इतकी वर्षे स्तुती केली, ती नजर कदाचित पाहणाऱ्यालाच नकार देत होती.

मॅकरी यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शिक्षिकेची परवानगी घेतली होती, असे ते सांगतात. या चित्रामुळे निर्वासितांकडे जगाचे लक्ष वळले. पुढे अफगाण मुलींच्या शिक्षणासाठी निधीही उभा राहिला. परंतु आपला हेतू चांगला असणे आणि समोरच्याची संमती असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. चित्राच्या यशामुळे ही उणीव भरून निघत नाही.

आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे पवित्र भूमीच्या यात्रेस जातात आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला मोबाइल असतो. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी शब्बाथच्या दिवशी छायाचित्रे घेण्यास मनाई असते आणि आपण ती पाळतो. गल्लीत भाजी विकणाऱ्या म्हातारीच्या गळ्यात मात्र मनाईचा फलक नसतो. तिच्यापाशी क्षणभर थांबावे, तिचे नाव विचारावे, खुणेने का होईना, परवानगी मागावी. तिने मान हलवून नकार दिला, तर कॅमेरा खिशात ठेवून नमस्कार करावा. आपल्या अंगणात शिरून आपल्या लेकीचा फोटो काढणाऱ्या परक्या पाहुण्याकडून आपली याहून कमी अपेक्षा असते काय?