मृदू यंत्रमानव आणि संवेदक : एक चिकित्सा

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्ती साच्यातून निघते. डोळ्यांची आखणी मात्र शेवटी कुशल हाताने होते. सिलिकॉन रबराचे मृदू यंत्रमानवही बहुधा साच्यातच ओतले जातात. तथापि त्यांना संवेदकही असेच शेवटी जोडता येतील, हे गृहीतक तपासणे आवश्यक आहे. हार्वर्ड विद्यापीठाचा २०१६ मधील ‘ऑक्टोबॉट’ संपूर्ण मृदू होता. परंतु त्यास परिसराची जाणीव नव्हती. २०१८ मध्ये तेथेच आयनवाहक जेलचे संवेदक मृदू बोटांच्या अंतर्भागात मुद्रित करण्यात आले. दिशा योग्य होय. बाहेरून चिकटवलेली पट्टी लवचीक असली तरी सामान्यतः मूळ शरीराहून ताठ असते. यंत्र जितके लहान, तितका तिचा अडथळा मोठा. शिवाय विद्युत्‌रोधातील बदल बाह्य स्पर्शाचा की यंत्राच्या स्वतःच्या वाकण्याचा, हे एकाच पट्टीवरून ठरत नाही. रोह्यानजीकच्या धाटाव येथील रासायनिक कारखान्यांत अरुंद नळ्यांची तपासणी अशा यंत्रावर सोपवावयाची झाल्यास ही संदिग्धता घातक ठरेल. सारांश, संवेदक ही आखणी नव्हे, घडण होय. महाविद्यालयीन प्रकल्पांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व मूर्तिकला यांनी साच्यापाशीच एकत्र यावे.