त्यातला क्लोरीन काढला तर काय होतं?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी समुद्री जीवांमधल्या हॅलोजनयुक्त संयुगांवर एक प्रकरण लिहिलं होतं. त्यात भला मोठा तक्ता होता: संयुगाचं नाव, ते कुठल्या शेवाळातून किंवा स्पंजातून मिळालं, आणि शेवटच्या रकान्यात 'जैविक क्रिया'. कर्करोगविरोधी, जीवाणूविरोधी, बुरशीविरोधी वगैरे. गाईड मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अगं, यातला क्लोरीन काढला तर काय होतं?"

मी गप्प. ज्या रिव्ह्यू पेपरांवरून तक्ता उतरवला होता, त्यांच्यातही याचं उत्तर नव्हतं.

आजची तक्रार या प्रकारच्या रिव्ह्यू पेपरांबद्दल आहे. ते निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. निसर्गात सापडलेली हॅलोजनयुक्त संयुगं आता पाच हजारांच्या वर गेली आहेत, त्यांची यादी कुणीतरी करायलाच हवी. पण 'हॅलोजन आहे' आणि 'क्रिया दिसली' ही दोन वाक्यं शेजारी ठेवली, की वाचणारा त्यांच्यामध्ये आपोआप 'म्हणून' घालतो. घोळ तिथेच होतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं, ब्रोमाइड जेमतेम ६५ मिलिग्रॅम. तरी समुद्री संयुगांत ब्रोमिन भरपूर सापडतं, कारण ब्रोमाइडचं ऑक्सिडीकरण सोपं असतं आणि शेवाळातली हॅलोपेरॉक्सिडेज विकरं ते सहज करतात. म्हणजे रेणूत ब्रोमिन कसं आलं हा एक प्रश्न, आणि तिथे ते काही काम करतं का, हा वेगळा प्रश्न. बहुतेक तक्ते दुसऱ्या प्रश्नाला हातच लावत नाहीत.

हा प्रश्न नीट सोडवलेलं उदाहरण म्हणजे सॅलिनोस्पोरामाइड ए. सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या समुद्रतळाच्या गाळातल्या जीवाणूपासून ते मिळालं, आणि २००३ मध्ये स्क्रिप्स संस्थेतल्या विल्यम फेनिकल यांच्या गटाने ते प्रसिद्ध केलं. पेशीतली नको असलेली प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएसोमला ते चिकटतं. चिकटताना रेणूतला एक ऑक्सिजन मोकळा होतो, तो क्लोरीनला बाहेर ढकलतो, नवीन कडं तयार होतं आणि परतीची वाट बंद! २००६ च्या स्फटिकरचनेत हे दिसलं. क्लोरीन नसलेला भाऊ, सॅलिनोस्पोरामाइड बी, खूपच कमी प्रभावी आहे. मॅडमना हवं होतं ते उत्तर असं असतं.

आणि एवढं करूनही औषध झालं का? ग्लायोब्लास्टोमाच्या ७४९ रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिली, पण रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. तक्त्यात मात्र 'कर्करोगविरोधी' हाच शब्द राहतो.

आता हालोमॉन बघा. पोर्टिएरिया हॉर्नेमनाय हे लाल शेवाळ, फिलिपिन्समध्ये गोळा केलेलं. दहा कार्बनच्या रेणूवर दोन ब्रोमिन आणि तीन क्लोरीन! १९९२ च्या पेपरात कर्कपेशींच्या संचावर त्याचा वेगळाच ठसा दिसला आणि आशा वाढल्या. पण पुढच्या वेळी आणलेल्या शेवाळात ते फारच कमी किंवा जवळपास नव्हतंच. निवडक पद्धतीने ते प्रयोगशाळेत बनवणं नोआ बर्न्स यांच्या गटाला जमलं ते २०१५ मध्ये. एवढी वर्षं रिव्ह्यूंमध्ये आयसी-५० चा आकडा फिरत राहिला. पुरवठ्याचा रकाना मला तरी कुठे दिसला नाही.

आकड्यांचीही एक गंमत आहे. अनेक तक्त्यांत एका ओळीत मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर दुसऱ्या ओळीत मायक्रोमोलर. हॅलोजन जड असतात. हालोमॉनचा रेणूभार सुमारे ४०१, म्हणून १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण २५ मायक्रोमोलर. २०० रेणूभाराच्या संयुगासाठी तोच आकडा ५० मायक्रोमोलर होतो. एकक न बदलता 'हे त्याच्याइतकंच प्रभावी' असं लिहिलं तर ते सरळ चूक आहे. मी लिहिलं होतं.

तर सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तक्त्यात चार रकाने वाढवा: हॅलोजन काढून कुणी तुलना केली का, निरोगी पेशींवर काय परिणाम झाला, सगळे आकडे मायक्रोमोलरमध्ये आहेत का, आणि पदार्थ परत मिळतो का. बरेच चौकोन रिकामे राहतील. माझे राहिले. सुरुवातीला लाज वाटली, पण माझा पीएचडीचा प्रश्न त्यांतल्याच एका रिकाम्या चौकोनातून निघाला.