निर्णयाचें माप

घरांतील एखादा निर्णय बरोबर होता कीं चूक, हें आपण बहुधा त्याच्या फळावरून ठरवितों. संसार सुखाचा झाला कीं सोयरीक चांगली. मुलगा नांवारूपास आला कीं बापाची सक्ती योग्य! हें माप कितपत विश्वसनीय आहे तें पाहूं इच्छिणाऱ्यानें रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) हें पुस्तक पुनः एकदां उघडावें.

१८७३ सालीं माधवरावांची प्रथम पत्नी निवर्तली. त्यांचें वय ३१ वर्षांचें, आणि विधवाविवाहाचे ते उघड पुरस्कर्ते. मुलगा आतां विधवेचें पाणिग्रहण करील या धास्तीनें वडिलांनीं त्वरेनें ११ वर्षांची वधू निश्चित केली. माधवरावांपुढें वाटा तीन होत्या : तत्त्वास जागून विधवेशीं विवाह करणें, पुनः लग्नच न करणें, किंवा पित्याची आज्ञा शिरसावंद्य मानणें. त्यांनीं तिसरी पत्करली आणि लोकनिंदा ओढवून घेतली. पुढें १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून वादळ उठलें, तेव्हांहि त्यांनीं अखेर प्रायश्चित्त घेतलें.

या विवाहाची हकीकत सांगणारी लेखिका हीच ती ११ वर्षांची वधू, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिच्या लेखणीच्या संयमाचें कौतुक वाटतें. सासऱ्यांस त्यांनीं खलपुरुष केलें नाहीं. घर दुभंगण्याचें पित्याचें भय आणि पुत्राचा कोंडमारा, दोन्ही पारडीं त्यांनीं सारख्याच ममतेनें धरलीं आहेत. सरळ, घरगुती बोलण्यासारखी भाषा या कामीं त्यांस फार साह्य करते.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. पित्याचा शब्द आणि पुत्राचें तत्त्व यांचें वजन झालें. परंतु जिचें आयुष्य पणास लागलें, ती मुलगी कोणत्याच पारड्यांत नव्हती. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार रमाबाईंइतका दुसऱ्या कोणास नव्हता. पण पतिभक्तीनें तो ओठांवरच थांबविला असावा, असें आम्हांस वाटतें.

कोणी म्हणेल, शेवट तर गोड झाला! माधवरावांनीं पत्नीस शिकविलें. तीच पुढें पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली. खरें, पण हें श्रेय त्या निर्णयाचें खास नव्हे. पतीनें वर्षानुवर्षें नेटानें शिकविलें आणि पत्नीनें घरांतल्या बायकांचे टोमणे सोसून अभ्यास चालविला, तेव्हां तें घडलें. ही सोशीक वाटचाल रमाबाईंनीं स्वतःच विस्तारानें वर्णिली आहे, आणि पुस्तकाचा उत्तम भाग तोच होय. त्याच बोलण्याखालीं, त्याच वयांत, अन्य घरीं पडलेल्या किती मुलींच्या आठवणी लिहिल्याच गेल्या नाहींत!

म्हणून आमच्या मतें फळ हें निर्णयाचें माप नव्हे. ज्याला त्याचा भार वाहावयाचा, त्याला निर्णयाच्या वेळीं विचारलें होतें काय, हें खरें माप. मुलांचें शिक्षण, विवाह, वडीलधाऱ्यांची व्यवस्था असे प्रश्न आजहि घरोघरीं बसून सुटतात. त्या बैठकीपूर्वीं या पुस्तकाचीं आरंभींचीं पानें सर्वांनीं मिळून वाचावींत.