चरित्रातील एक ओळ : पं. भातखंडे यांचा पक्षाघात आणि आजारपणाची भाषा

लखनौच्या कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्याच्या वास्तूत आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. १९२६ मध्ये ते मॅरिस कॉलेज या नावाने सुरू झाले. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या कोणत्याही छोट्या चरित्रात ही संस्था येते, दहा थाट येतात, ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ येते. मग एक ओळ येते : १९३३ मध्ये पक्षाघात झाला आणि मांडीचे हाड मोडले. त्यापुढची ओळ १९ सप्टेंबर १९३६ ची, म्हणजे निधनाची. प्रस्तुत टिपणाचा विषय या दोन ओळींमधली जागा हा आहे.

ही जागा सुमारे तीन वर्षांची, हजाराहून अधिक दिवसांची आहे. चरित्रकाराच्या दृष्टीने तिथे ‘काही घडत नाही’. हा निकष तपासून पाहिला पाहिजे. भातखंडे यांचे काम कोणते होते? गावोगाव फिरणे, गवयांसमोर बसून ऐकणे, ऐकलेले स्वरलिपीत उतरवणे. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले ते याच कामासाठी. ते स्वतः सतारही शिकले होते. म्हणजे पाय आणि हात हीच त्यांच्या विद्येची साधने, आणि आघात नेमका तिथेच झाला. शिवाय ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे पाचवे आणि सहावे भाग १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. या दोन भागांचा अखेरचा टप्पा आजारपण वगळून समजून घेता येत नाही. तरीही आपली चरित्रे ग्रंथांची यादी एका परिच्छेदात देतात आणि आजार दुसऱ्या परिच्छेदात, जणू दोन्हींचा मालक वेगळा होता.

योगायोग असा की मॅरिस कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फ यांचा आजारपणावरील प्रसिद्ध निबंध छापला गेला. मोठ्या शोकासाठी समृद्ध असलेली इंग्रजी साध्या डोकेदुखीपुढे मुकी होते, अशी त्यांची तक्रार होती. मराठीला ही तक्रार तशीच लागू करणे मला पटत नाही. कळ, सणक, चमक, ठणका, रग, ठसठस, चुणचुण, हुळहुळणे, मुंग्या येणे : मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी आपल्याकडे शब्दांची चणचण नाही. दवाखान्यात आजी डॉक्टरांना जे सांगते ते पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके असते. अडचण दुसरीच आहे. यांतले बहुतेक शब्द क्षणाचे आहेत. सणक येते आणि जाते. रोज उठणारी, वर्षानुवर्षे टिकणारी सणक सांगायची झाली की भाषा ‘भोग’ आणि ‘सहनशीलता’ या शब्दांकडे वळते, आणि तिथे वर्णन संपून उपदेश सुरू होतो.

पक्षाघातानंतर काही रुग्णांना पुढे साध्या स्पर्शानेही आग होते, हे देजेरीन आणि रूसी यांनी १९०६ मध्येच नोंदवले होते. हे लक्षण भातखंडे यांच्यावर लादू नये. समीक्षकाचे काम रोगनिदानाचे नाही. पण असे जगणे असू शकते एवढे भान असलेला चरित्रकार त्या तीन वर्षांपाशी थांबून काही प्रश्न विचारतो : लिहून कोण घेत होते? कूस कोण बदलत होते? पत्रे कोणाच्या अक्षरात जात होती?

उलट टोकाला नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन ठेवून पाहावे. कोल्हापूरच्या या लेखिकेला सोळाव्या वर्षी कमरेखाली पांगळेपणा आला. भातखंडे यांच्या चरित्रात आजार शेवटी येतो, इथे कथाच तिथून सुरू होते. मात्र अशा पुस्तकांचे स्वागत आपण ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून करतो, आणि हाही एक गाळण्याचाच प्रकार आहे. जिद्द दिसली की दुखणे वाचायचे राहून जाते. पहिल्या वाचनात माझेही तसेच झाले होते.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. आपल्या ग्रंथालयातील कोणतेही एक संगीतकार-चरित्र घ्यावे, नायकाच्या शेवटच्या आजाराला मिळालेली पाने मोजावीत, आणि त्याच पुस्तकात सत्कार-समारंभांना किती पाने दिली आहेत तेही मोजावे.